डोळ्यांवर पट्टी, हातात क्यूब

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आमच्याकडे लोणच्याची कृती नाही आणि सरकारी योजनेची माहितीही नाही. आज आम्ही एका खेळण्याबद्दल बोलणार आहोत. सहा रंगांचा तो चौकोनी ठोकळा, फिरवून फिरवून रंग जुळवायचे, तो क्यूब. तुमच्या घरातही एखादा असेल. बहुधा कपाटावर, अर्धवट जुळवलेला, धूळ खात. आम्ही पाचजणी तो डोळ्यांवर पट्टी बांधून सोडवायला शिकलो. म्हणजे शिकतोय. पाचातल्या दोघींना जमतं, दोघींना कधी कधी जमतं, आणि एकीनं नाद सोडला, पण चहा करायला ती येते.

सुरुवात गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली. आमच्या वहिनींची मुलगी आठवीत आहे. ती क्यूब हातात घ्यायची, दोन-तीन मिनिटं टक लावून बघायची, ओढणीनं डोळे बांधायची आणि सोडवायची. आम्हाला वाटलं फटीतून बघते. मग आक्कांनी तिच्या तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. तरी सुटला. नंतर कळलं की स्पर्धेत खरंच असंच करतात. डोळ्यांवर पट्टी असतेच, शिवाय पंच चेहरा आणि क्यूब यांच्यामध्ये कागद धरतात. आणि बघून पाठ करायला लागलेला वेळही एकूण वेळेत धरतात. जगातले पहिल्या फळीतले खेळाडू हे सगळं मिळून बारा सेकंदांच्या आसपास संपवतात. आम्हाला वीस मिनिटं लागतात. ते जाऊ द्या.

हा क्यूब एर्नो रुबिक यांनी १९७४ साली हंगेरीत बुडापेस्टला बनवला. ते शिक्षक होते. स्वतः बनवलेला क्यूब पहिल्यांदा सोडवायला त्यांना स्वतःला महिन्याहून जास्त लागला होता, हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. २००३ साली टोरांटोला जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात डोळे बांधून सोडवण्याचा प्रकारही होता. म्हणजे पोरांचं कालचं खूळ नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, उघड्या डोळ्यांनी जमत नाही, तिथे बांधून कसं? आम्हीही हेच म्हणालो होतो. गंमत अशी की दोन्ही रीती वेगळ्या आहेत. उघड्या डोळ्यांनी सोडवताना आपण एक थर लावतो, मग दुसरा, आणि मध्ये बरंच काही विस्कटतं. बघता येतं म्हणून चालतं. डोळे बांधल्यावर एका वेळी दोनच तुकड्यांची अदलाबदल करायची, बाकीचं जवळजवळ जागच्या जागी ठेवायचं. ही रीत श्टेफान पोखमान नावाच्या जर्मन खेळाडूच्या नावानं ओळखली जाते.

एसटीच्या आरक्षणासारखं समजा. गाडीत सगळ्या बायका चुकीच्या सीटवर बसल्यात. तुम्ही एक सीट धरायची, समजा दारालगतची. तिथे बसलेलीला विचारायचं, बाई, तुमचा नंबर कुठला? ती म्हणते बारा. तिला बारावर पाठवायचं. बारावर जी बसली होती ती उठून दारालगत येते. तिला विचारायचं, तुमचा कुठला? असं करत करत सगळ्या आपापल्या जागी. मध्येच दारालगतच्या सीटची खरी मालकीण आली आणि तरी काहीजणी चुकीच्या बसलेल्या असल्या, तर त्यातल्या कुठल्याही एकीला उठवून पुन्हा सुरू करायचं. बस्स. क्यूबमध्ये कडांच्या अशा बारा सीटा आहेत आणि कोपऱ्यांच्या आठ. प्रत्येक रंगाच्या मधला तुकडा हलत नाही, तो जागेवरच असतो.

पट्टी बांधायच्या आधी फक्त हे नंबर पाठ करायचे. आणि इथे मैत्रिणींनो, आपली बाराखडी कामाला आली.

कडेच्या तुकड्याला दोन रंग असतात, बारा तुकडे, म्हणजे चोवीस रंगीत चौकोन. कोपऱ्याला तीन रंग, आठ कोपरे, पुन्हा चोवीस. मुलं त्यांना इंग्रजी अक्षरं देतात. आम्हाला ती लक्षात राहीनात. तेव्हा मावशी म्हणाल्या, अगं, सहा बाजू, एकेका बाजूला चार अक्षरं, मग आपले वर्ग काय वाईट आहेत? वरच्या पांढऱ्या बाजूला क ख ग घ. डाव्या बाजूला च छ ज झ. समोर ट ठ ड ढ. उजवीकडे त थ द ध. मागे प फ ब भ. खालच्या पिवळ्या बाजूला म र ल स. पहिलं अक्षर वरचं, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे. शाळेत पाठ केलेली वर्णमाला इतक्या वर्षांनी अशी उपयोगी पडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मग दोन-दोन अक्षरांचे शब्द करायचे. काना-मात्रा आपल्या मनाच्या. समजा कडांची अक्षरं आली ढ ल, म ठ, प ट, झ र. झालं: ढोल, माठ, पाट, झरा. आता हे शब्द घरात मांडायचे. उंबऱ्यावर ढोल वाजतोय, पडवीत माठ फुटलाय, देव्हाऱ्यापुढे पाट, आणि मोरीत झरा वाहतोय. चित्र जितकं खुळं तितकं चांगलं टिकतं. कडा आणि कोपरे मिळून सहसा अठरा-वीस अक्षरं होतात, म्हणजे नऊ-दहा शब्द. किराण्याची यादी याहून मोठी असते.

ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्या मावशी ह्याच. आमच्या गल्लीत सगळ्या त्यांना मावशीच म्हणतात. त्यांना विचारूनच बोलतोय. त्या म्हणाल्या, नाव नको, बाकी सगळं सांगा.

मावशी एकोणसाठ वर्षांच्या आहेत. शिवणकाम करतात आणि अकरा वर्षं आमच्या बचतगटाची वही त्यांच्याकडे आहे. गेल्या श्रावणात एका सभासदाचा पाचशे रुपयांचा हप्ता वहीत सापडला नाही. ती म्हणत होती दिला, मावशींनाही वाटत होतं की दिला असावा, पण वहीत नाही. पाचशे रुपये काही फार नव्हेत. पण मावशी वही घेऊन आमच्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, ही दुसऱ्या कुणाला द्या, माझं डोकं आता राहिलं नाही. त्यांच्या आईला शेवटची काही वर्षं राहतं घर ओळखू येत नव्हतं. आम्हाला ते ठाऊक होतं. त्यामुळे काय बोलावं तेच सुचेना. "असं काही नसतं हो" असं म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

त्याच सुमाराला क्यूबमध्येही त्यांचं बिनसलं होतं. रोज प्रयत्न, रोज पट्टी काढली की रंगांचा बाजार. आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य: विसरले गं. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की आम्हालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मुलगी मात्र म्हणाली, विसरलात कशावरून?

तिनं सांगितलं ते साधं होतं. क्यूब विस्कटताना कुठली वळणं दिली ती आधी कागदावर लिहायची. पाठ झालेली अक्षरं पट्टी बांधून सोडवताना मोठ्यानं बोलायची आणि शेजारणीनं ती लिहून घ्यायची. चुकलं, तर त्याच वळणांनी क्यूब पुन्हा तसाच विस्कटायचा आणि उघड्या डोळ्यांनी सावकाश अक्षरं काढायची. मग ताडून बघायचं. मूळ अक्षरंच चुकीची वाचली असतील, तर ती बघतानाची चूक. बरोबर वाचली, पण बोलताना गाळली किंवा बदलली, तर ती आठवतानाची. बोललेली सगळी बरोबर आणि तरी क्यूब विस्कटलेला, तर हात चुकला. आम्ही शंभर पानी वही आणली, रकाने आखले. चौथा रकाना ताळ्याचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

चाळीस प्रयत्न झाले. तीन बरोबर, सदतीस चूक. वही मांडीवर घेऊन आम्ही बेरीज केली. बघताना नऊ. हाताच्या एकोणीस. ताळ्याच्या पाच. आठवतानाच्या चार.

मावशींनी बेरीज पुन्हा केली. मग वही मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. आम्ही चहा टाकला.

एकोणीस वेळा हात का चुकला, त्याचं कारणही मिळालं. अदलाबदल करायची चौदा वळणांची एक ठरलेली मालिका असते, ती मावशींना झोपेतही येते. पण आधी तो तुकडा ठरलेल्या जागी आणावा लागतो, एक-दोन-तीन वळणं देऊन, आणि मालिका झाल्यावर तीच वळणं मागे घ्यावी लागतात. बाहेर जाताना आपण आधी घराचं दार उघडतो, मग फाटक. परत येताना आधी फाटक, मग दार. तसंच हे, क्रमही उलटा आणि दिशाही उलटी. मावशी दिशा उलटी करायच्या आणि क्रम तोच ठेवायच्या. एवढं एक चुकलं की पुढचं सगळं वाया. एका क्यूबमध्ये तीनशेहून जास्त वळणं होतात, त्यातलं एक चुकलं तरी खेळ खलास. म्हणून ओळखायची खूण सांगतो: पट्टी काढल्यावर दोन-तीनच तुकडे चुकीचे दिसले तर बहुतेक अक्षराची भानगड असते. सगळाच क्यूब विस्कटलेला असेल तर हात.

त्यावर उपाय आम्ही असा केला. महिनाभर पाठ करणं बंद. एकीनं अक्षरं कागदावरून वाचायची, दुसरीनं डोळे मिटून फक्त हात चालवायचे. लक्षात ठेवायचं ओझंच नाही, तेव्हा बोटांकडे लक्ष जातं. आणि उलटंही केलं: क्यूब बघायचा, अक्षरं पाठ करायची, सोडवायचा नाही. उठून पाच भाकऱ्या थापायच्या आणि मग अक्षरं लिहायची. आक्कांच्या दोन भाकऱ्या करपल्या, पण अक्षरं आली. हातातल्या हातात क्यूबच फिरतो आणि वरची बाजू कुठली तेच कळेनासं होतं, असं वहिनींचं व्हायचं. त्यांनी पांढऱ्या बाजूच्या मधोमध टिकली चिकटवली. अंगठ्याला लागते. स्पर्धेत या प्रकाराला अशी खूण चालत नाही, घरी शिकताना चालते. महिन्याभरानं टिकली पडली आणि वहिनींना कळलंही नाही.

अजून एक, क्यूब चांगला घ्या. जत्रेतला कडक क्यूब मध्येच अडकतो, वळण अर्धं राहतं, आणि पट्टी असताना ते दिसत नाही. आणि घाई करू नका. आमच्यात सगळ्यात हळू फिरवणारीचं सगळ्यात जास्त वेळा बरोबर येतं.

बघतानाच्या चुका कमी करायला दुसऱ्यांदा मोजणं हाच इलाज. पण मावशींनी त्यात एक आपलं शोधून काढलं. म्हणजे मुलं ते आधीपासून जाणतात, पण मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. कडांची ती चौदा वळणांची मालिका केली की दोन कडांबरोबर दोन कोपरेही आपापसांत जागा बदलतात. मालिका दोनदा झाली की ते कोपरे परत जागेवर. म्हणून कडांची अक्षरं सम असतील तर काही करायचं नाही, विषम असतील तर कडा झाल्यावर कोपऱ्यांना हात लावायच्या आधी एक जादा मालिका करायची. मुलं तिला पॅरिटी म्हणतात. मावशींच्या लक्षात आलं की कडांची अक्षरं विषम असली की कोपऱ्यांचीही विषमच येतात. कडांची सम, तर कोपऱ्यांचीही सम. कधीच वेगळं होत नाही. त्या म्हणाल्या, हा तर ताळा झाला, जमा आणि खर्च दोन्हीकडून जुळला पाहिजे. मोजणीत एकीकडे सम आणि दुसरीकडे विषम आलं, तर पट्टी बांधूच नका, बघण्यात चूक आहे. जुळलं म्हणजे सगळं बरोबरच असं नाही, हे जमाखर्च लिहिणारीला सांगायला नको. चौथा रकाना ह्या ताळ्याचा. जादा मालिका राहिली की चार तुकडे उरतात, दोन कडा आणि दोन कोपरे. दिसताक्षणी ओळखू येतं.

आणि त्या चार खऱ्या विसरण्याचं काय? त्यातल्या दोन वेळा मावशी विसरल्याच नव्हत्या, ऐकण्यात फसल्या होत्या. कडांची अक्षरं त्या चित्र न करता नुसती पुटपुटून लक्षात ठेवत. मघाचाच पाट घ्या. पुटपुटताना पाटाचा पाठ झाला. समोरच्या बाजूला ट वर आहे आणि ठ त्याच्या उजवीकडे, चुकीचा तुकडा गेला. खरं तर ठ माठात येऊन गेला होता, आणि एकदा आलेलं अक्षर सहसा पुन्हा येत नाही, तिथेच शंका यायला हवी होती. आपल्या वर्णमालेत क-ख, द-ध, ब-भ कानाला जवळजवळ लागतात, ते आम्हाला नडलं. आता आम्ही कडांचीही चित्रंच करतो. पाट म्हणजे लाकडी पाट आणि पाठ म्हणजे मुलाची उघडी पाठ, दोन्ही डोळ्यांपुढे वेगळे दिसतात. वेळ जास्त लागतो, लागू दे.

उरलेल्या दोन वेळा कालचं चित्र आजच्यात मिसळलं होतं. एकाच घरात रोज सामान मांडलं की असं होतं, कालचा ढोल उंबऱ्यावर तसाच राहतो. म्हणून घरं बदलायची. सोमवारी स्वतःचं घर, मंगळवारी शाळा, बुधवारी बाजारपेठ. मावशी बहुतेक वेळा माहेरचं घर घेतात. ते आता पडलं आहे, पण त्यांना त्याचा प्रत्येक कोनाडा आठवतो.

क्यूबनं विसरभोळेपणा जातो असं आम्ही अजिबात म्हणत नाही, आणि ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे. मावशी डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. बी-बारा जीवनसत्त्व कमी निघालं, त्याचं औषध सुरू आहे. पण डॉक्टरांकडे जायचं धाडस त्यांना त्या चार आकड्यांनी दिलं, हे त्यांनीच सांगितलं. त्याआधी तीन महिने त्या टाळत होत्या.

आणि ते पाचशे रुपये सापडले. गटात एकाच नावाच्या दोघीजणी आहेत, वहीत एकीखाली एक. हप्ता दुसरीच्या ओळीत लिहिला गेला होता. मावशी म्हणाल्या, बघतानाची चूक, पहिला रकाना. वही त्यांच्याकडेच आहे. आता हप्ता लिहिताना त्या नाव आणि रक्कम मोठ्यानं म्हणतात आणि शेजारची आपल्या कागदावर खूण करते.

अचूकपणाबद्दल एक हिशेब सांगतो, तो आम्हाला फार आवडतो. एका प्रकारात तासाभरात एकाहून जास्त क्यूब आधी सगळे पाठ करून मग डोळे बांधून सोडवायचे असतात. त्यात सुटलेल्या क्यूबमधून न सुटलेले वजा करून गुण देतात. दहा घेतले, सात सुटले, तीन राहिले, तर गुण चार. पाचच घेतले आणि पाचही सुटले, तर गुण पाच. अमेरिकेच्या ग्रॅहम सिगिन्स यांनी २०२२ मध्ये पासष्ट घेतले आणि बासष्ट सोडवले. आम्ही दोन घेऊन बघितले. गुण शून्य.

आता संक्रांतीचं सांगतो आणि थांबतो. यंदाच्या हळदीकुंकवाला आम्ही ठरवलं की मावशींनी सगळ्यांसमोर सोडवायचा. तोवर त्यांचे दहातले सहा बरोबर येत होते. पन्नासएक बायका, वाण लुटायचं बाजूला ठेवून गोल करून बसलेल्या. क्यूब मुलीनं विस्कटला, वळणं लिहून ठेवली. मावशींनी नऊ मिनिटं बघितलं, पट्टी बांधली. आक्कांनी तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं. अकरा मिनिटं फक्त क्यूबचा आवाज. मग त्यांनी तो ताटात ठेवला आणि पट्टी काढली.

चार तुकडे चुकीचे होते. बाकी सगळे रंग जुळलेले. मागे बसलेल्यांना ते चार दिसलेही नाहीत, त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मावशींनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, थांबा गं, दोन कडा, दोन कोपरे, ताळा राहिला. वही मागवली, चौथ्या रकान्यात काडी मारली आणि शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलं, "विसरले". मग म्हणाल्या, तिळगूळ द्या आधी, आणि क्यूब पुन्हा विस्कटा.

दुसऱ्यांदा सुटला. पण तोवर निम्म्याजणी वाण घेऊन घरी गेल्या होत्या.

दर गुरुवारी दुपारी तीनला आम्ही वहिनींच्या पडवीत बसतो. ज्यांना यायचं त्यांनी घरातला क्यूब पुसून आणा, आणि एक कोरी वही. चहा आहेच.